कारखानिसांचा लोडर

कंपनी बंद पडली, मशीनं भंगारात गेली, खुर्च्या कोणीतरी उचलून नेल्या. किस्से मात्र न्यायला कोणी आलं नाही, त्यामुळे ते आमच्याकडेच साठत गेले. हरेश कोळी आणि मी अजून कधी भेटलो, की चहा यायच्या आत एखादा निघतोच. हसतो, आणि मग दोघंही गप्प होतो. कारण प्रत्येक किश्श्यात कारखानीस असतात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमची छोटी कंपनी स्वतःचा कॉम्प्युटर बनवायची आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिमही स्वतःच सांभाळायची. सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, आम्हा तिघांकडे होता. मेमरी माझी, डिस्क हरेशची आणि लोडर वसंत कारखानिसांचा.

प्रोग्राम डिस्कवर नुसता पडून असतो. त्याला उचलून मेमरीत नीट ठेवायचं, चालू करून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच लोडरचं काम. कारखानीस नव्या माणसाला समजावून सांगायचे, "लग्नात नवरदेवाला घोड्यावर चढवणारा असतो ना, तो मी. फोटोत नसतो. पण नवरदेव पडला की सगळे त्यालाच शोधतात."

*

चालवण्याजोग्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला दोन ठरलेले आकडे असायचे. शून्य सात, शून्य एक. लोडर आधी ते बघायचा. नसले तर फाइल परत. पुढचं वाचायचासुद्धा नाही.

हरेश चेंदणी कोळीवाड्यातला. एकदा तो उत्तनला मुलगी बघायला गेलेला. मुलीच्या बापानं पहिलाच प्रश्न विचारला, होड्या किती? हरेश म्हणाला, होडी नाही, मी कॉम्प्युटरमध्ये आहे. चहा न येताच मंडळी परतली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन तो मला म्हणाला, "ताई, लोडरनं परत पाठवला. पयलेच दोन आकडे जुलले नाय. पुढचा प्रोग्राम कोन वाचतंय?"

कारखानिसांनी मान वर केली नाही. "पुढचा वाचला असता तर नक्कीच परत पाठवला असता."

*

डोंबिवली एमआयडीसीत रंगाचा एक कारखाना आमचं गिऱ्हाईक होता. आमचा जुना लोडर प्रोग्राम ठेवण्याआधी मेमरी पुसायचा नाही. आधीच्या प्रोग्रामचं उष्टं तसंच पडलेलं असायचं. कारखानिसांनी नव्या आवृत्तीत ती जागा पुसून घ्यायला सुरुवात केली आणि आठवडाभर खुशीत होते.

मग डोंबिवलीहून फोन आला. त्यांच्या गेटपासवर खाली मॅनेजरचं नाव छापून यायचं, ते येईनासं झालं होतं. कारखानिसांनी प्रोग्राम मागवून बघितला. त्यात मॅनेजरचं नाव कुठेच नव्हतं. कधीच नव्हतं. इतकी वर्षं ते आधीच्या प्रोग्रामच्या उष्ट्यातून येत होतं.

"तुम्ही साफसफाई केलीत आणि आमचा मॅनेजर गेला," तिकडचे साहेब फोनवर म्हणाले.

कारखानिसांनी जुन्या फाइलींसाठी ते पुसणं बंद केलं. कोडमध्ये त्या ओळीवर त्यांनी टीप लिहिली, "इथलं उष्टं काढू नये. माणसं त्यावर जगतात."

*

मग कंपनीनं दुसरं मशीन काढलं. ते मोठा आकडा साठवताना उलटा ठेवायचं, लहान हिस्सा आधी आणि मोठा मागून. सगळा लोडर नव्यानं लिहायला लागणार होता. हरेश डोकं धरून बसला.

"त्रेपन्न म्हणताना तू आधी काय म्हणतोस?" कारखानिसांनी विचारलं. "तीन. मग पन्नास. जुनं मशीन इंग्रजी होतं रे. हे मराठी आहे."

पुढच्याच आठवड्यात ते मशीन जेवणाच्या सुट्टीनंतर काही केल्या चालू होईना. आम्ही तारा तपासल्या, फ्यूज तपासला.

हरेश म्हणाला, "मराठी हाय ना. जेवून झोपलंय."

*

पुढचा खरं तर किस्सा नाही, पण तो सांगितल्याशिवाय बाकीचे कळायचे नाहीत.

एका दुपारी कारखानिसांनी आम्हा दोघांना जिन्यात बोलावलं. गेली दोनएक वर्षं ते संध्याकाळी चाचपडत चालायचे, कपाटांना धडकायचे, ते आम्ही बघत होतो. विसरभोळा माणूस, असं धरून चाललो होतो. ते म्हणाले, "डोळे जातायत. आधी कडेनं, मग आत आत. डॉक्टर म्हणतात, उपाय नाही. सध्या मधलं दिसतंय, पण वाचताना ओळ हरवते. साहेबांना कळलं तर उद्यापासून मी घरी. नवा लोडर अर्धा झालाय, तेवढा मला पुरा करायचाय."

मला भीती वाटली, आणि इतके दिवस आपण हसत होतो याची लाजही वाटली.

हरेश म्हणाला, "वाचायचाच प्रश्न हाय ना? मग मी वाचतो."

आणि तो वाचायला लागला. फाइलमधले आकडे छापून काढायचे आणि सकाळभर मोठ्यानं वाचायचे. कारखानीस डोळे मिटून ऐकत बसायचे. मध्येच हात वर करायचे, "थांब. मागचा पुन्हा." चूक तिथेच असायची.

आमच्या पलीकडे अकाउंट्स खातं होतं. तिथल्या मोघ्यांना हे आकडे भिंतीतून ऐकू जायचे. त्यांना वाटलं, आम्ही मटका खेळतो. महिनाभर त्यांनी आमचे आकडे गुपचूप लावले. शेवटी वैतागून आत आले आणि म्हणाले, "तुमचा एकही आकडा लागत नाही हो."

"माझे रोज लागतात," कारखानीस म्हणाले. "तुम्ही भलत्या ठिकाणी लावता."

मोघे गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. कारखानीसही हसले, पण दाराकडे नाही, खिडकीकडे बघून. मोघे खिडकीतून गेले असं त्यांना वाटलं असावं.

*

कारखानीस आणि मी, दोघंही डोंबिवलीला राहायचो, एकाच गल्लीत. स्टेशनपासून घरापर्यंत दिवेलागणीला त्यांना काही दिसायचं नाही, आणि बाईमाणसाचा हात धरून चालायचं म्हणजे गल्लीभर चर्चा. त्यावर त्यांनीच युक्ती काढली. प्रिंटआउटची एक लांब गुंडाळी करायची, पुढचं टोक मी धरायचं, मागचं त्यांनी. बघणाऱ्याला वाटावं, मोठं नाजूक काहीतरी चाललंय.

कोपऱ्यावरच्या वाण्यानं एकदा विचारलंच, "रोज रोज काय नेता हो दोघं मिळून?"

"सरकारी काम," कारखानीस म्हणाले. "बोलता येत नाही."

वाणी तेव्हापासून आम्ही दिसलो की उठून उभा राहायचा.

गुंडाळी वर्षभर तीच होती. कारखानीस वहिनी दारात उभ्या असायच्या. माझ्या हातातलं टोक स्वतःच्या हातात घ्यायच्या आणि त्यांना आत न्यायच्या. मला ते दार बंद झाल्यावर रडायला यायचं.

*

नव्वदीच्या सुरुवातीला बाजारात स्वस्त पीसी आले आणि आमचं मशीन कोणी घेईना. माणसं कमी व्हायला लागली. आमचे मोठे साहेब नाडकर्णी. कारखानिसांविषयी काहीतरी कुजबुज त्यांच्या कानावर गेली होती. नवा लोडर जवळजवळ झाला होता, थोडंच राहिलं होतं.

अशात कल्याणकडच्या एका गिरणीचे अधिकारी आले. त्यांचा जुना प्रोग्राम लोड होताना अर्ध्यावर थांबत होता. साहेब त्यांना घेऊन थेट आमच्या खोलीत आले. हरेशनं फाइल स्क्रीनवर उघडली आणि छापायला लावली.

"साहेब, मी वाचतो," तो म्हणाला.

"तुम्ही बसा, कोळी. लोडर कारखानिसांचा आहे. ते वाचतील."

प्रिंटर थांबला. साहेबांनी गिरणीवाल्यांशी बोलता बोलता कागद फाडला आणि न बघताच कारखानिसांपुढे ठेवला.

कागद कोरा होता. रिबन पार वाळली होती, एक अक्षर उमटलं नव्हतं. मी बघितलं, हरेशनं बघितलं, गिरणीवाल्यांनी बघितलं. मला वाटलं, आता कारखानीस म्हणतील, अहो, हा तर कोरा आहे. मधलं दिसतंय, असं ते आम्हाला परवापर्यंत सांगत होते.

त्यांनी कागद हातानं सरळ केला. वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. "शून्य सात, शून्य एक. जुनी फाइल आहे." मग पुढचे आकडे. नवा लोडर तपासताना हरेशनं ही फाइल त्यांना कितीदा वाचून दाखवली असेल, कोण जाणे. ओळ संपली की बोट खाली सरकायचं. हरेश स्क्रीनवर आकडे ताडून बघत होता. एकही चुकत नव्हता.

तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. "हे बघा. इथे लांबी लिहिलीय, त्यापेक्षा तुमची फाइल आखूड असणार. कॉपी करताना शेपूट तुटलंय. पुन्हा कॉपी करून आणा."

हरेशनं फाइलची लांबी बघितली आणि मान हलवली. तसंच होतं.

गिरणीवाल्यांनी ते वहीत टिपून घेतलं. नाडकर्णी साहेब टेबलावरच्या कागदावर वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मग सरळ झाले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि तिथून वळून म्हणाले, "कोळी, प्रिंटरची रिबन बदलून घ्या."

कारखानिसांनी कागदावरचं बोट उचललं.