किलवराची दुर्री

गणपती झाले आणि माझ्या गळ्याला गाठ आली. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी सुईने नमुना घेतला, तपासायला पाठवला आणि शांतपणे म्हणाले, "दहा दिवसांनी कळेल." दहा दिवस! भाजीत मीठ पडलंय की नाही हे बघायलाही मला धीर नसतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई देवळातून आल्या, ओटीवर चटई टाकली आणि पत्त्यांचा कॅट काढला. "ये गो, एकट्यान खेळूचो डाव शिकवतंय तुका."

सात रांगा लावायच्या, काळ्यावर लाल, लालवर काळं असं उतरत यायचं. एक्का सुटला की बाजूला ठेवून त्याच्यावर दुर्री, तिर्री चढवत राजापर्यंत न्यायचं. चारही राजे बसले की डाव सुटला.

खेळ मला तासाभरात आला. दुखणं पुढेच होतं. आमच्याकडे अडल्यानडल्याला देवाला कौल लावतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी जन्मभर त्याला हसत आले. सासूबाईंना तोंडावर म्हणायची, "पाकळीला काय कळतंय, आई?" आणि तीच मी आता प्रत्येक डावाआधी मनात म्हणत होते, सुटला तर गाठ साधी.

सुटेना. दिवसाला वीस वीस डाव मांडले. नवव्या दिवशी तर सगळे पत्ते उघडे झाले, तीन राजे बसले, आणि किलवराचा एक्का तेवढा एकटा पडून राहिला. मी पत्ते भिरकावले आणि रडायलाच लागले. काय मागत होते तेही सांगून टाकलं.

सासूबाईंनी पत्ते गोळा करून एकेक पाहिला. "किलवराची दुर्री खंय आसा?"

दुर्री नव्हतीच. गणपतीत आम्ही दोघी आणि माझा नवरा असे तिघंच खेळायला बसलो होतो. तिघांत बावन्न पत्ते सारखे वाटले जात नाहीत, म्हणून एक दुर्री काढून ठेवतात. "तूच काढलंस ती!" त्या म्हणाल्या. मग आठवलं. उठून पंचांग उघडलं, आत दुर्री. म्हणजे माझा होकार मीच काढून ठेवला होता आणि सात दिवस पत्त्यांवर डोकं आपटत होते. हसू आवरेना. त्या रात्री मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. गाठ साधी होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी फोन ठेवला आणि सासूबाईंना मिठीच मारली. त्या मटकन चटईवर बसल्या, पदर तोंडाला लावला. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"पत्ते शिकवलंय त्या दिवशी देवळात कौल घेतलंय तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "डावो इलो."

डावा, म्हणजे नकार. "मला सांगितलं नाहीत?"

"तुका कित्याक सांगू? एकटी मी भिलंय ता पुरे." त्यांनी डोळे पुसले. "देवाचा पण चुकता कधीतरी."

मग त्यांनी दुर्री कॅटात घातली आणि पिसून माझ्यापुढे ठेवला. मी डाव मांडला. या वेळी काही मागितलं नाही.