बोटभर माया

साडूचं घोरणं मास्तरांना सहन होत नसे. त्यांच्या शिलाईच्या दुकानात येऊन बाकावर टेकल्या टेकल्या हा माणूस घोरतो म्हणजे काय! दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि दोघांनी कर्जही घेतलं एकाच सासऱ्यांकडून. मास्तरांनी नव्या मशीनसाठी, साडूने टेम्पोसाठी, तेही दुप्पट. हप्ते दोघांचेही थकलेले. पण झोप उडाली ती एकट्या मास्तरांची. छातीत जळजळ, सुईत दोरा ओवताना घाम. सासऱ्यांना तोंड दाखवायला नको म्हणून त्यांनी सासरी जाणंच सोडलं होतं. साडू मात्र तिथे जाऊन दोनदा वाढून घ्यायचा. त्याच्या त्या निगरगट्ट तब्येतीवर मास्तरांचा नुसता जळफळाट व्हायचा.

आणि आज तोच आपली लग्नातली पँट घेऊन हजर. सासऱ्यांनी दोन्ही जावयांना एकाच थानातलं कापड घेतलं होतं. तेव्हा दोघांचं मापही एकच होतं, आणि शिवल्या होत्या मास्तरांनीच.

"रविवारी सासऱ्यांनी दोघांना जेवायला बोलावलंय. जरा सैल करून दे."

मास्तरांनी पँट उलटीसुद्धा केली नाही. "शिवणीत माया नाही सोडलेली. सैल होणार नाही."

साडूनेच शिवण उलटून पाहिली. आत चांगलं बोटभर जादा कापड दुमडलेलं होतं.

"ही काय मग?" तो हसला. "कापडात आहे की रे माया. तुझ्यातली आटली."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पँट ओढून घेऊन ते शिवण उसवू लागले. साडू बाकावर आडवा झाला, आणि सुरू! मास्तरांनी त्याला गदागदा हलवलं.

"तुला झोप लागतेच कशी? देणं माझ्या दुप्पट!"

"सासरे विचारतात, मी सांगतो, सध्या पैसे नाहीत. ते शिव्या घालतात, मी जेवतो. विषय संपला. तू त्यांना विचारूच कुठे देतोस?"

रविवारी मास्तर गेले. अंगात तीच लग्नातली पँट, पट्ट्याने चुण्या पाडून आवळलेली. 'पुढच्या महिन्यात नक्की' हे वाक्य ते वाटभर घोकत होते. सासऱ्यांनी दार उघडलं. त्याच कापडात साडू मास्तरांच्या शेजारी कसा भरल्या अंगाने उभा होता! त्याही क्षणी मास्तरांना त्याचा हेवा वाटला. सासऱ्यांची नजर एकावरून दुसऱ्यावर गेली आणि मास्तरांच्या कमरेशी थांबली. घोकलेलं वाक्य मास्तरांच्या ओठांवर आलं.

"जावईबापू," सासरे हळूच म्हणाले, "ही पँट कुणाची घातलीत?"