भाताआधीचा अर्धा तास

"आई, तांदूळ धू," असं मी आतल्या खोलीतून ओरडले की त्याचा अर्थ एवढाच असायचा: मी इन्सुलिन टोचून घेतलं आहे. जेवणाआधीच्या त्या जुन्या इन्सुलिनला अंगात काम सुरू करायला अर्धा तास लागायचा, आणि गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीच्या घरात तांदूळ धुण्यापासून भात उतरेपर्यंत जवळजवळ तेवढाच वेळ जायचा. डॉक्टरांचा अर्धा तास आईने असा भातावर बसवून टाकला होता. घड्याळाकडे ती कधी बघायचीही नाही.

मला मधुमेह झाला तो १९९९ साली, मी अकरावीत असताना. आयुष्यभर रोज सुई घ्यावी लागणार, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "मंग पोरीच्या लग्नाचं कसं?" मला इतका राग आला की गोंदिया येईपर्यंत मी गाडीत तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तेव्हापासून सुई आतल्या खोलीत, दार लोटून. भारनियमनामुळे फ्रिजचा भरवसा नव्हता, म्हणून बाटली ओल्या मडक्यात ठेवायची. कोणी विचारलंच तर ते डोळ्यांचं औषध. आणि पाहुण्यांसमोर सुईचं नाव काढायचं नाही, तांदळाचं काढायचं. सात वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग मी शाळेत शिकवायला लागले. जेवणाच्या वेळा पाळता येईनात, जेवल्यावर साखर नुसती चढायची. डॉक्टरांनी जेवणाचं इन्सुलिन बदललं. नवीन औषध लवकर काम करणारं होतं. "ताट समोर आलं की टोचायचं आणि लगेच जेवायचं. थांबायचं नाही," असं त्यांनी आम्हा दोघींना बजावून सांगितलं. मी खूश होते. घरी आल्यावर आई म्हणाली, "मंग मी तांदूळ कवा धुवाचे?"

मी हसले. हसायला नको होतं. माझ्या आजारात तिच्या हातात असलेली एकच गोष्ट तो अर्धा तास होती, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्याच आठवड्यात माझी आत्या नवेगाव बांधहून तलावातले मासे घेऊन आली. रस्सा उकळत होता, आत्या ओट्याला टेकून मुलाच्या लग्नाचं सांगत होती. मी नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत गेले, नवीन औषध टोचलं आणि ओरडले, "आई, तांदूळ धू." आईने तांदूळ धुवायला घेतले. चूक मी केली आणि तिनेही केली, आणि दोघींच्याही ती लक्षात आली नाही. सात वर्षांची सवय आमच्या दोघींपेक्षा हुशार निघाली.

भाताला आधण आलं असेल नसेल, आत्याजवळ बसल्या बसल्या मला घाम फुटला. आत्याचे शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. साखर उतरते आहे हे मला कळत होतं, पण आत्यासमोर साखर मागायची कशी, याचाच मी विचार करत बसले. आज आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात. चार पावलांवर साखरेचा डबा होता.

मी कलंडले तेव्हा आई धावत आली. तिने साखर कालवलेलं पाणी माझ्या तोंडाला लावलं आणि आत्यासमोरच किंचाळली, "नवी सुई घेतली होतीस का तू?"

मी सावरल्यावर आत्याने आधी मला पोटभर जेवू घातलं. मग आईकडे वळली. "कायले लपवलं वहिनी? मी का परकी आहो?"

"लोक नावं ठेवतेत बाई," आई म्हणाली.

"पोरगी मरून जाती ना, तं कोणाले नावं ठेवली असती लोकाईनं?"

त्या दिवशी आई जेवली नाही. नंतर घरात नवा नियम झाला: आधी ताटात भात, मग सुई. तो तिने कडक पाळला. पण बाहेरच्यांसमोर सुई घ्यायची नाही, हा जुना नियमही सोडला नाही. दोन्ही नियम एकत्र पाळायचे तर मला घराबाहेर जेवताच येणार नव्हतं, आणि काही महिने मी बाहेर जेवलेही नाही. शाळेतल्या एका बाईंचं डोहाळजेवण होतं, तिथूनही पोट दुखतं म्हणून उठून आले.

मग आत्याच्या मुलाचं लग्न आलं. नवेगाव बांधला जाताना बसमध्ये आई हळूच म्हणाली, "आत्याच्या आतल्या खोलीत सुई घे, मंग पंगतीत बस."

"आणि भात पोचायला उशीर झाला तर?"

"तं काय सगळ्या गावासमोर टोचून घेशील?"

"नाही. उपाशी राहीन." मी हे मुद्दाम मोठ्याने बोलले. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं. आईने पदर तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मला तिची कीव आली आणि रागही गेला नाही.

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, मंडपात पंगत बसली. पर्स मांडीवर घेऊन मी बसले. आई शेजारी. समोर नवऱ्याकडची, नवरीकडची, ओळखीची, बिनओळखीची माणसं. पत्रावळीवर वांग्याची भाजी आली, वरण आलं. भाताची बादली दोन पानं पलीकडे होती. मी पान पुढे सरकवलं आणि उपाशीच उठायला गुडघा वर घेतला.

आईने माझा गुडघा खाली दाबला. भात वाढणारा आमच्यासमोर आला. तिने त्याला माझ्या पानावर भात वाढू दिला, स्वतःच्याही वाढू दिला, आणि तो पुढे निघाला तसा त्याचा हात धरला.

"भाऊ, इथंच थांब जरा. माह्या पोरीले साखरेची बिमारी आहे. तिची सुई होऊ दे. तिले आणखी लागला तं बादली दूर नोको जावाले."

तिचा आवाज कापत होता, पण चांगला मोठा होता. ओळीतली माणसं वळून बघायला लागली. आईने मान खाली घातली नाही. मी पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं आणि कुर्ता थोडा वर करून टोचलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मंग जेव."