थायरॉइडच्या गोळीचं रजिस्टर

माझ्या बायकोची थायरॉइड ग्रंथी आळशी निघाली आणि तिच्यावर देखरेख ठेवण्याचं काम घरातल्या सर्वांत हुशार माणसाने स्वतःकडे घेतलं. तो माणूस म्हणजे मी. पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

मी नागपुरात एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मितभाषी, नीटनेटका, छापील मजकुरावर विश्वास ठेवणारा. ग्रंथालयाच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांना मी स्वतः खाकी कागद चिकटवले आहेत, कारण नागपूरच्या उन्हात पुस्तकाची पानं महिन्याभरात पिवळी पडतात. खिडकीशी पुस्तक उघडून बसणाऱ्या मुलांना मी आजवर किती वेळा हटकलं असेल, याची गणती नाही. (ही माहिती लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.)

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. स्मिताला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यानंतर घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. फक्त आईने विणायला घेतलेलं टोपडं अर्धवट ठेवून लोकर ट्रंकेत टाकली होती. त्यामुळे या खेपेला सदर भागातल्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहून "थायरॉइड कमी आहे" म्हटल्यावर स्मिताने माझी बाही घट्ट धरली.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला आईचंच थायरॉइड लागतं. म्हणून गोळी चुकवायची नाही. रोज सकाळी, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत. नंतर निदान अर्धा-पाऊण तास चहा नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. महिन्याने पुन्हा रक्त तपासू. जमेल ना?"

"जमेल," स्मिता म्हणाली.

"मी बघतो," मी म्हणालो. अनर्थाची सुरुवात या दोन शब्दांत आहे!

आईने तोवर व्यवस्था लावूनही टाकली होती. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते, त्यांच्या पहिल्या पाळीचा डबा करता करता आईला पहाटे साडेचारला उठायची जी सवय लागली, ती बाबा गेल्यावरही सुटली नाही. तिने गोळ्यांची तपकिरी बाटली माठामागच्या फडताळात, केशर आणि हिंगाच्या डबीशेजारी ठेवली. सकाळी दिवा लावायचा, बाटली काढायची, सुनेला हाक मारायची. "ऊठ वं स्मिता, गोळी घे अन मंग पुन्हा झोप." झालं. संपलं.

पण हे सगळं फारच सोपं होतं. यात कुठे नोंद नव्हती, पद्धत नव्हती, आणि मुख्य म्हणजे यात मी नव्हतो!

मी बाजारातून घट्ट झाकणाची एक सुंदर काचेची बरणी आणली. सगळ्या गोळ्या तिच्यात ओतल्या. बरणीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली: 'स्मिता. रोज सकाळी. रिकाम्या पोटी.' आणि येता-जाता नजरेला पडावी म्हणून ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

"काहून रे गजा, बाटलीले काय झालं?" आईने विचारलं.

"फडताळात दिसत नाही ना, आई."

"गोळी तिले खायची आहे का तुले? तिले दिसते ना!"

"डोळ्यांसमोर असली की विसरत नाही."

"अरे, पण ती खिडकी माही आहे! कुरडया कुठं वाळू घालू मी? तुह्या डोक्यावर?"

हा सीमावाद आहे, अशी मी समजूत करून घेतली. सासू, सून, गर्भारपण आणि स्वयंपाकघर यांवर मी बरंच वाचलं होतं. म्हणून मी सौम्य हसलो आणि बरणी इंचभर उजवीकडे सरकवली.

मग रजिस्टर आलं. लांबट, कापडी पुठ्ठ्याचं, अगदी आमच्या ग्रंथालयात असतं तसं. मी पट्टीने रकाने आखले: दिनांक, गोळीची वेळ, चहाची वेळ, घेणाऱ्याची सही, देणाऱ्याची सही, शेरा. (शेऱ्याच्या रकान्यात कधीच कुणी काही लिहीत नाही, पण त्याच्याशिवाय रजिस्टरला शोभा नाही.) दर रविवारी मी ते लाल पेनाने तपासायचं, असा नियमही केला.

"मले सही करा लागन?" आईने विचारलं.

"रोज."

"मी चौथी पास आहे. चूक झाली तं नापास करशील का?"

"अहो, एका गोळीसाठी तीन माणसं आणि एक रजिस्टर!" स्मिता म्हणाली. "मी गर्भार आहे, कैदी नाही."

पण दोघींनी ऐकलं. मार्च संपला, एप्रिल आला. कूलर लागले, पडदे ओढले गेले. गोळी पावणेसहाला, चहा पावणेसातला. सह्या बरोबर. मी इतका खूश होतो, की ग्रंथालयातल्या माझ्या मदतनिसाला ते रजिस्टर नमुना म्हणून दाखवायला नेलं होतं!

आणि महिन्याचा रिपोर्ट आला. थायरॉइड कमी पडलं की टीएसएचचा आकडा वाढतो; गोळीने तो खाली यायचा, तर वर गेला होता.

"गोळी रोज घेता ना?" मॅडमनी विचारलं.

"रोज," स्मिता म्हणाली.

"रोज!" मी म्हणालो आणि पिशवीतून रजिस्टर काढलं. मॅडमनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत दिलं. गर्भारपणात गोळीची गरज वाढत जाते, असं सांगून त्यांनी मात्रा थोडी वाढवली: आता एकाच्या जागी दीड गोळी. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

घरी येताना स्मिता रिक्षात एकच वाक्य बोलली. "याही वेळी माझ्याच अंगात काही खोट असेल का हो?" तिचा हात पोटावर होता. मी मनात गुन्हेगार शोधत होतो.

तपास सुरू झाला. थायरॉइडला वाईट असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून पत्ताकोबी घरातून हद्दपार. सोयाबीनच्या वड्या शेजारी दान. आईने केलेले डिंकाचे लाडू मी ताब्यात घेतले (आणि पुरावा नष्ट होऊ नये म्हणून एकेक करून खाल्ले). मग माझी नजर चहाकडे वळली. आई साडेपाचला स्वतःचा चहा करते. सुनेवर तिची माया. पहाटे एक घोट, कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी मी पाचलाच उठून स्वयंपाकघरात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो. हातात पुस्तक होतं, म्हणजे वेळ वाया जायला नको. सहा वाजता मान वर केली, तर मोरीत दोन कप!

"आई! हे दोन कप कसे?"

"दोघांनी चहा घेतला म्हणून दोन."

"म्हणजे दिलास तू तिला चहा! मॅडम बजावून सांगतात, मी रजिस्टर ठेवतो, आणि तू... तिच्या बाळाचा प्रश्न आहे, आई! मागच्या वेळी काय झालं ते विसरलीस?"

आत झोपलेली स्मिता उठून दारात आली. तिने कपांकडे पाहिलं, मग माझ्या खुर्चीकडे.

"अहो, तुमच्या पुस्तकावर चहाचा डाग आहे."

होता. एकशे बाराव्या पानावर, ताजा! दुसरा कप माझाच होता. आईने माझ्या हातात दिला होता, मी वाचता वाचता प्यालो होतो, आणि कप परत तिच्याच हातात ठेवून पान उलटलं होतं.

मी म्हणालो, "अच्छा." माफी मागायची होती, पण तोंडातून हेच आलं.

आईने पदराने हात पुसले. "उद्यापासून चहा तूच करत जाय गा," ती म्हणाली. मला ती कधी 'गा' म्हणत नसे. तो शब्द ती दूधवाल्यासाठी वापरायची. पुढचे बारा दिवस ती सुनेला हाक मारायची, गोळी द्यायची, सही करायची आणि माझ्याशी अवाक्षर बोलायची नाही. चहा मी केला. त्याच्या चवीबद्दल स्मिताने शेरा दिला नाही. ती फक्त म्हणाली, की आता चहा तासभर उशिरा मिळाला तरी चालेल.

मे लागला. दुसरा रिपोर्ट आला. आकडा हलला नव्हता.

या वेळी आई आमच्यासोबत आली. कुणी बोलावलं नव्हतं. नेसूचं बदलून, पिशवी काखेत मारून ती सरळ रिक्षात बसली. मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. मात्रा वाढवूनही फरक नाही, हे त्यांना पटत नव्हतं.

"गोळ्या ठेवता कुठे?"

अखेर कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता! मी खुर्चीत पुढे सरकलो. "काचेच्या बरणीत, मॅडम. स्वच्छ, पारदर्शक. खिडकीत. सतत डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून."

मॅडमनी चष्मा काढला. "कोणत्या बाजूची खिडकी?"

"पश्चिमेची."

"मॅडम," आई बारा दिवसांनी माझ्या बाबतीत पहिल्यांदा बोलली, "त्या खिडकीत मी दर साल कुरडया वाळू घालते. दोन दिवसात कडकड वाजतात. यंदा यानं खिडकीच घेतली." आणि तिने पिशवीतून ती बरणी काढून टेबलावर ठेवली.

बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे होता. बरणीवरची माझी सुवाच्य चिठ्ठी पिवळी पडून कडेने वळली होती.

"ही गोळी ऊन आणि उष्णतेने खराब होते," मॅडम सावकाश म्हणाल्या. "म्हणून तर ती बंद बाटलीत येते. तिच्यासोबत एक कागदही असतो, त्यावर लिहिलेलं असतं. होता ना कागद?"

"होता."

"वाचला नाहीत?"

मी काहीही वाचतो. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचतो. पण तो कागद पातळ होता, लांबट होता, घडी सुरेख बसत होती...

"यांनी तो पुस्तकात खूण म्हणून ठेवला आहे," स्मिता म्हणाली. "एकशे बाराव्या पानावर." आणि ती हसायला लागली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. खोट तिच्या अंगात नव्हती, खिडकीत होती! हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा आईने तिचा हात धरला. "रडू नको वं. तुह्यात काही कमी नाही. गजातच आहे, लहानपणापासून."

मॅडमनी नवी बाटली लिहून दिली. दोष किती उन्हाचा आणि किती गर्भारपणातल्या वाढत्या गरजेचा, हे नेमकं सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण वेळेत लक्षात आलं आहे, आता नियमित घ्या, दर महिन्याला तपासू. घरी आल्यावर आईने बाटली माठामागे ठेवली, रजिस्टर स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि खिडकीत कुरडया घातल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो, "आई, त्या दिवशी मी जे बोललो ते..."

"दूध संपलं आहे," ती म्हणाली. "आणतं का?"

मी दूध आणलं. आमच्या घरात माफी अशी मागितली जाते आणि अशीच मिळते.

पुढच्या महिन्यात आकडा खाली आला आणि मग खालीच राहिला. ट्रंकेतली लोकर बाहेर आली. दिवाळीच्या आधी मुलगी झाली. तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तिचंही थायरॉइड तपासलं. अगदी उत्तम निघालं. आईने तिला मांडीवर घेऊन टोपडं घातलं आणि पहिलं वाक्य बोलली, "खिडकीपाशी नको नेऊ रे इले."

त्या मुलीचं नाव रेवा. ती आता आठ वर्षांची आहे आणि माझ्याहून जास्त वाचते, कागदांसकट.

आईला जाऊन हा हिवाळा आला की वर्ष होईल. तिची ट्रंक उघडायचं मी महिनोन्‌महिने टाळत होतो. गेल्या रविवारी उघडली. साड्यांच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेलं ते रजिस्टर होतं. रेवा शेजारी बसून मोठ्याने वाचू लागली. दिनांक, वेळ, वेळ, आईची सही, आजीची सही.

"बाबा, आजीने शेऱ्यातपण लिहिलंय."

वीस वर्षांच्या नोकरीत मी शेऱ्याचा रकाना कधी वाचलेला नाही. त्या दिवशी चष्मा पुसून वाचला. मार्चचा शेवटचा आठवडा, चौथी पास अक्षर, प्रत्येक शब्द दाबून लिहिलेला: 'खिडकीत ऊन लय येते. गोळ्या तापतात. गजाले सांगा.'

आणि त्याच्या बरोबर खाली, लाल शाईत, रविवारची तारीख घालून, माझ्या सुवाच्य अक्षरात: 'तपासले. बरोबर आहे.'