लागलेली किल्ली

आज मंडईच्या दारात कुंदाताईंची स्कूटर थांबली. चालवत होती रेश्मा. ताई मागे, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

हीच स्कूटर रेश्माने चार महिन्यांपूर्वी पळवली होती. किल्ली लागलेली दिसली, मोह झाला. संध्याकाळी पोरगी पोलीस चौकीत मान खाली घालून बसली होती. ताईंची शेजारीण म्हणून मीही गेले होते, आणि "तक्रार कराच" म्हणून त्यांच्या मागे लागले होते. ताई चौकीतल्या साहेबांना एवढंच म्हणाल्या, "कागद नको. दर शनिवारी हिने मला मंडईत आणायचं."

तेव्हा मी चिडले होते. आता वाटतं, अठराव्या वर्षी नावाला 'चोर' चिकटलं की ते खरवडण्यातच जन्म जातो. शनिवार मात्र येतो, भाजी घेतो आणि घरी जातो.

रेश्माने किल्ली काढून ताईंपुढे धरली.

"राहू दे गं लागलेली," ताई म्हणाल्या. "तू आहेस ना गाडीपाशी."

पिशवी घेऊन त्या आत गेल्या. रेश्मा दोन्ही हातांनी हँडल धरून उभी राहिली, जणू सोडलं तर गाडी उडूनच जाईल. मला बघून हसली.

माझा हात पर्समध्ये होता, माझ्या गाडीची किल्ली चाचपत. मी ओशाळून तो बाहेर काढला.