देखावा बघायला थांबणारा विल्फ

इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधल्या हॉर्स्टन गावच्या डोंगरचाल मंडळात कुणालाही दम लागत नाही. चढावर छाती भात्यासारखी चालू लागली की माणूस थांबतो, कमरेवर हात ठेवतो आणि म्हणतो, "वा, काय देखावा आहे." मग बाकीचेही थांबून दरीकडे बघतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

विल्फ ऑल्डरॉइड हा या मंडळाचा आखणीवाला. जन्मभर डेपोत बसची इंजिनं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर दर रविवारी कुठला डोंगर चढायचा हे तो ठरवू लागला. स्वतः आधी चालून न बघितलेली वाट त्याने कधी कुणाच्या गळ्यात मारली नाही.

गेल्या वर्षी मात्र त्याला देखाव्यांचा नाद लागला. आधी दऱ्या बघून झाल्या, मग मेंढ्या, मग नुसती दगडी कुंपणं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी धुकं इतकं दाट होतं की पुढच्याची पाठ दिसत नव्हती. विल्फ थांबला आणि म्हणाला, "वा, काय देखावा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी काही बोललं नाही, आणि तेच विल्फच्या मनाला लागलं.

कारण दम लागणाऱ्यांची गावात सोय होती. बुधवारचा गट. ही मंडळी तलावाभोवती सपाट चक्कर मारतात, बाकावर बसून केक खातात आणि एकमेकांच्या गुडघ्यांची विचारपूस करतात. माणसं भली. पण त्यांच्यात जाण्यापेक्षा मेलेलं बरं, असं विल्फ एकदा पबमध्ये मोठ्याने बोलून बसला होता. आता त्याला त्या बुधवारची खरोखर भीती वाटत होती.

नोव्हेंबरात पबच्या मागच्या खोलीत पुढची आखणी ठरवायला सगळे जमले. विल्फने नकाशा पसरला. पहिल्या रविवारी बसने खिंडीपर्यंत, तिथून चालत खाली. दुसऱ्या रविवारी दुसऱ्या बसने दुसरी खिंड, तिथून खाली. तिसऱ्यालाही तेच.

"विल्फ, यात चढ कुठाय?" मेविसने विचारलं. मेविस थ्रोप मंडळाचा 'शेवटचा गडी' होती. सगळ्यांच्या मागे चालायचं, कुणाला चुकू द्यायचं नाही आणि मेंढ्या बाहेर पडू नयेत म्हणून वाटेतल्या कुंपणांचं प्रत्येक फाटक लावून घ्यायचं, हे तिचं काम. पाय हरणाचे, त्यामुळे ते तिच्या अगदी जिवावर यायचं.

"बस चढते की," विल्फ म्हणाला.

"आणि ब्लेक फेलचा डोंगर? मार्चमध्ये दर वर्षी जातो आपण."

"तिथं बस जात नाही."

अध्यक्ष नॉरिस आपल्या बिअरच्या ग्लासात बघत पुटपुटला, "काय देखावा आहे."

विल्फ नकाशाची घडी घालू लागला. "बुधवारी ते लोक किती वाजता निघतात?" त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. घडी मात्र दोनदा चुकली.

"खाली बस," मेविस म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्या पाठी बघून बघून मला वीट आलाय. एकदा तरी पुढं मोकळा डोंगर बघू दे. हे शेवटच्या गड्याचं काम तू घे."

"मी फार हळू चालतो, मेविस."

"मग? पळत सुटणारा शेवटचा गडी काय कामाचा? नियम तूच केलायस ना, शेवटच्या गड्याच्या मागं कुणी राहायचं नाही आणि तो पोचल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही?"

"मीच केलाय."

"मग निस्तर आता."

मार्चमध्ये मंडळ ब्लेक फेलवर गेलं. मेविस सगळ्यात आधी माथ्यावर पोचली आणि तिने ते प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलं. विल्फ खालून येत होता. प्रत्येक फाटक तो सावकाश लावी, कडी बसली का ते बघे, आणि मग त्याच फाटकाला टेकून उभा राही. कामच होतं ते.

वर वारा भणाणत होता. कुंपणाच्या आडोशाला सगळे मांडीवर बंद डबे घेऊन बसले होते. नॉरिसच्या पोटात कावळे ओरडत होते, पण त्याने झाकणाला हात लावला नाही.

शेवटचं फाटक लावून झालं. विल्फ त्यांच्यापर्यंत आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सगळे सवयीने दरीकडे वळले.

"दम लागला," विल्फ म्हणाला.

मंडळात हे आजवर कुणी बोललं नव्हतं. नॉरिसने डबा उघडला.

"मलाही," तो म्हणाला.