चष्मा पुसायचा तेवढा वेळ

भोपाळच्या बिट्टन मार्केटमध्ये मेथीच्या जुड्या निवडत उभी होते, तेव्हा श्रीचा फोन आला. श्री म्हणजे श्रीकांत, माझा धाकटा भाऊ. त्याची बायको नीलिमा छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात होती, पण आता बरी होती, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. घरी आल्यावर तिला मेथीची पातळ भाजी करून घालावी म्हणून तर मी ऊन उतरायचीही वाट न बघता बाजारात आले होते. श्री ‘ताई’ एवढंच म्हणाला. मी विचारलं, ‘काय झालं रे?’ आणि थांबले. पूर्वीची मी असते तर एका दमात दहा प्रश्न विचारून त्यांची उत्तरंही मीच देऊन टाकली असती. पण प्रश्न विचारल्यावर थांबायचं असतं, हे मला नीलिमानं शिकवलं होतं. म्हणून थांबले… पलीकडून काहीच आलं नाही. भाजीवाली विचारत होती, दीदी, कितनी दूँ. मी निवडलेल्या जुड्या तिच्या पोत्यावर परत ठेवल्या आणि निघाले.

नणंद भावजयीवर लिहायला बसली म्हटल्यावर काहींच्या भुवया वर जातील. जाऊ देत. मी लग्न केलं नाही, सरकारी ऑफिसात फायली हलवण्यात जन्म गेला, राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्या भोपाळला ठाऊक आहे. अशा नणंदेच्या घरात ही मुलगी अकोल्याहून बी. कॉम. होऊन आली आणि तीस-बत्तीस वर्षं माझ्याशी एकदाही चढ्या आवाजात बोलली नाही. खरं सांगायचं तर आमच्या घरात चढ्या काय, उतरत्या आवाजातही कोणी फारसं बोलत नसे. आप्पा, म्हणजे आमचे वडील, विशीत असताना, राज्याची राजधानी हलली तेव्हा, सरकारी दप्तरांबरोबर नागपूरहून इथे आले आणि हॉलमध्ये मराठीच बोलायचं असा त्यांनी नियम केला. नियम कडक होता, पण बोलायचं काय हे त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे आम्ही मराठीत गप्प बसायचो. आप्पा पेपरात, श्री मंडीदीपच्या कारखान्यातून बसनं आला की टीव्हीत, आणि मी माझ्या रागात.

नीलिमाची एक सवय होती. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायची, ‘भाजी कोणती करू? दोडका करते.’ मध्ये श्वासाचंही अंतर नसायचं. ‘रविवारी आत्यांकडे जायचं का? नको, पुढच्या रविवारी जाऊ.’ आम्ही माना डोलवायचो. वर्षानुवर्षं डोलवल्या. आम्हाला वाटायचं, बोलायची लकब आहे एकेकाची.

ऋचा, तिची मुलगी, मोठी झाल्यावर नीलिमा मिसरोदच्या बाजूच्या एका शाळेत लहान वर्गांना शिकवू लागली. मग शाळेतल्या हिंदीच्या बाई मध्येच सोडून गेल्या आणि तात्पुरता म्हणून नववीचा हिंदीचा तास हिच्याकडे आला. तात्पुरता म्हणता म्हणता दोन वर्षं राहिला. अकोल्याची मराठी बाई भोपाळच्या पोरांना हिंदी शिकवते याची मी यथेच्छ चेष्टा केली, पण नववीचा तास असला की हिची साडीसुद्धा वेगळी असायची हे मला दिसत होतं. एरवी घरात जिची चाहूलही लागायची नाही, ती संध्याकाळी नववीतल्या पोरांच्या नकला करून दाखवायची. आणि मग शाळेच्या मान्यतेसाठी तपासणी लागली. प्रिन्सिपॉलनी तिला बोलावलं आणि अगदी गोड शब्दांत सांगितलं, ‘मैडम, आप पढ़ाती बहुत अच्छा हैं, पर काग़ज़ पर तो आप कॉमर्स की हैं.’ नववी-दहावीला भाषा शिकवायची तर पदवी त्या भाषेची हवी, तिच्यावर दोन वर्षांचं बी. एड. हवं. तेव्हा नववी काढून घेतली आणि कॉमर्सची आहे म्हणून बाईंना फीच्या खिडकीवर बसवलं.

मी पेटले. आयुष्यभर सरकारी नियम राबवलेली बाई मी, पण त्या दिवशी जगातल्या सगळ्या नियमांना शिव्या घातल्या. शिकवता येतं हे दोन वर्षं दिसलं ना, मग कागद कशाला? नीलिमा ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, ‘ताई, मला नववी परत हवीये.’ एवढंच. मी म्हटलं, अगं, चव्वेचाळीस वर्षांची आहेस. तर म्हणे, पन्नाशीतही नववी नववीच असेल. दुसऱ्या दिवशी तिनं बाहेरून परीक्षेला बसायचा बी. ए.चा प्रायव्हेट फॉर्म आणला. तीन वर्षं फीच्या खिडकीवर बसून, घरचं सगळं करून, ती हिंदीची पदवीधर झाली. मग नोकरी सोडली, प्रवेश परीक्षा दिली आणि बी. एड. कॉलेजात नाव घातलं. तिथे सगळ्या बायकांना एकसारखी साडी, निळ्या काठांची. ऋचाच्या वयाच्या पोरी हिला पहिल्या दिवशी आंटी म्हणाल्या, आठवड्यानं दीदी. ऋचा म्हणायची, ‘आई, तू माझ्यापेक्षा ज्यादा कॉलेज जातेस.’

बी. एड.मध्ये खऱ्या वर्गावर सोडण्याआधी छोटे छोटे पाठ घ्यायला लावतात. पाच-सहा मिनिटांचा पाठ, त्यात एकच कसब दाखवायचं, आणि समोर आपलेच वर्गमित्र शाळेतली पोरं होऊन बसतात. पहिल्या पाठानंतर सरांनी हिला सांगितलं की प्रश्न उत्तम काढलेत, पण उत्तरंही तुम्हीच देऊन टाकता, मुलांना तोंड उघडायची संधीच देत नाही. दुसरा पाठ, तेच. तिसराही तसाच. सर म्हणाले, हे सुधारलं नाही तर वर्गावर पाठवता येणार नाही. ती घरी येऊन आम्हाला हसत हसत सांगायला लागली आणि सांगता सांगता तिचं हसू गेलं. म्हणाली, ‘मला वाट बघायची सवयच नाही राहिली हो. उत्तर येतच नाही असं धरूनच चालते मी.’ हॉलमध्ये आम्ही सगळे होतो.

त्या रात्री जेवणं झाल्यावर श्रीनं, आमच्या घुम्या श्रीनं, न सांगता जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या उचलून हॉलमध्ये रांगेत मांडल्या आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. मग ऋचा बसली. मी बसले. आप्पा पुढच्या रांगेत, काठी बाजूला ठेवून. आणि नीलिमा समोर उभी राहिली. धडा होता एका आटलेल्या नदीचा. तिनं विचारलं, ‘नदी चुप क्यों हो गई?’ आणि लगेच स्वतःच उत्तर द्यायला तोंड उघडलं. आप्पांनी हात वर केला. ‘मैडम, हमें तो पूछने दीजिए… मतलब बताने दीजिए.’ हॉलमध्ये आप्पांच्या तोंडून हिंदी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. आम्ही इतके हसलो की पाठ तिथेच संपला. पण वर्ग रोज भरू लागला. हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही हा नवा नियम झाला. आप्पा व्रात्य पोर व्हायचे, मी चुकीची उत्तरं ठासून द्यायचे, श्री मागच्या बाकावर झोपल्याचं सोंग करायचा.

तरी थांबणं तिला जमेना. शांतता झाली की ती कासावीस व्हायची. मग तिची तिनंच युक्ती काढली. प्रश्न विचारला की चष्मा काढायचा, पदरानं सावकाश पुसायचा, उजेडात धरून बघायचा, परत डोळ्यांवर चढवायचा. तोवर बोलायचं नाही. चष्मा नसला की समोरचे चेहरे तिला नीट दिसायचे नाहीत, त्यामुळे ते गप्प आहेत याची भीतीही वाटायची नाही, असं ती म्हणायची.

आणि मग ते वर्गापुरतं राहीना. एके सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात आली, म्हणाली, ‘भाजी कोणती करू?’ आणि चष्मा काढून पुसायला लागली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. आप्पा म्हणाले, काहीही कर. ती म्हणाली, हे उत्तर नाही झालं, आणि चष्मा पुन्हा पुसायला घेतला. शेवटी मी म्हटलं, बाई, वांगी कर आणि सोड आम्हाला. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण ती रोज विचारायची आणि रोज थांबायची. एका संध्याकाळी श्री कारखान्यातून आला, तिनं पाणी दिलं, विचारलं, ‘कसा गेला दिवस?’ तो नेहमीसारखं हूं म्हणाला. तिनं चष्मा काढला. मी आत कणीक मळत होते. बराच वेळ काही ऐकू आलं नाही… मग श्री बोलायला लागला. नवीन साहेबानं त्याला ज्या मशीनवरून काढलं होतं त्याबद्दल, आपण आता तिथे कोणाला नको आहोत असं वाटतं त्याबद्दल. सहा महिने हा माणूस ते पोटात घेऊन टीव्हीसमोर बसत होता. माझी कणीक मळून झाली होती तरी मी मळतच राहिले, कारण नळ सोडला असता तर तो थांबला असता.

शेवटच्या पाठाला बाहेरचे परीक्षक आले होते. एका सरकारी शाळेची नववी, तोच नदीचा धडा. घरी येऊन तिनं जे सांगितलं ते असं. नदी चुप क्यों हो गई, हा प्रश्न विचारला आणि वर्ग ढिम्म. तिनं चष्मा पुसला. ढिम्म. परीक्षकांनी खुर्चीत चुळबुळ केली, घड्याळ बघितलं. उत्तर तिच्या लेसन प्लॅनमध्ये लिहिलेलं होतं, वाळू उपसली म्हणून वगैरे, आणि ते ओठांवर आलं होतं. तिनं पुन्हा चष्मा पुसला. मग मागून एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘मैडम, उससे किसी ने कुछ पूछा ही नहीं.’ नीलिमा म्हणाली, मी फक्त म्हटलं, बैठो बेटा, सही है. आणि मग माझा हात धरून म्हणाली, ‘ताई, मी थांबले. मला जमलं.’ बी. एड.चा निकाल पुढे कधीतरी लागला, पेढेही वाटले, पण पास झालेली नीलिमा मी त्या दिवशी बघितली.

नववी तिला परत मिळाली. त्याच शाळेत, त्याच प्रिन्सिपॉलनी बोलावून दिली. नीलिमा जाईपर्यंत तिच्याकडेच होती. हल्ली मी त्या नियमाला शिव्या देत नाही. नियम बिनडोकच होता, ती कागदाआधीही चांगलंच शिकवायची, हे मी आजही भांडून सांगेन. पण त्या कागदापायी ती जे शिकून आली ते नववीपेक्षा आमच्याच जास्त कामी आलं. आम्ही कुटुंब म्हणून बोलायला लागलो ते आप्पा ऐंशीच्या घरात, मी रिटायरमेंटच्या दारात आणि श्रीचे केस पांढरे झाल्यावर. उशिरा तर उशिरा. मला वाटलं होतं आता बराच वेळ आहे.

ती गेल्यावर तिची नववीची पोरं येऊन गेली, शाळेतल्या बाया येऊन गेल्या, ऋचा बंगळुरूहून आली आणि महिनाभर राहून परत गेली. घरात पुन्हा आम्ही तिघं उरलो. आप्पा पेपरात. श्री टीव्हीसमोर, तोही बंद असलेल्या. तो बोलतच नव्हता. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. फोनवर त्या दिवशी ‘ताई’ म्हणाला होता, त्यानंतर स्वतःहून एक शब्द नाही. मला रात्रंदिवस तीच धास्ती, की नीलिमानं इतक्या वर्षांत उघडलेला हा माणूस आता कायमचा मिटणार. आणि मी काय करत होते? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणत होते, ‘भाजी कोणती करू? दोडका करते.’ घरावरून जाणाऱ्या हातगाडीवाल्याकडे जे मिळेल ते घेत होते, कारण बाजारात जायला माझा पाय उचलत नव्हता. मला ती हवी होती. ते दार तिचं होतं, तो प्रश्न तिचा होता, आणि मी तो चुकीचा विचारत होते.

मागच्या आठवड्यात, सकाळी, दारात उभी राहून म्हटलं, ‘भाजी कोणती करू?’ आणि दोडका ओठांवर आला तसा गिळला. चष्मा काढला. पदर नाही माझ्याकडे, मी कुर्त्याच्या टोकानं पुसायला लागले. समोर दोन धूसर आकृत्या. पुढच्या आकृतीनं हात वर केला. नव्वदीला टेकलेले आप्पा, हात सरळ वर.

मी म्हटलं, ‘तुम्ही नाही आप्पा. मागच्या बाकावरचे सांगतील.’

आप्पांनी हात खाली घेतला. मी काच पुसत राहिले. श्री म्हणाला, ‘काहीही.’ मी म्हटलं, हे उत्तर नाही झालं. चष्मा उजेडात धरला, परत पुसला. शेजारच्या घरातला कुकर शिट्ट्या देऊन गप्प झाला. मी उभी होते. ती शेवटच्या पाठाला कशी उभी राहिली असेल ते मला तेव्हा कळलं…

‘मेथीची पातळ भाजी,’ श्री म्हणाला. मग थोड्या वेळानं, ‘तिच्यासारखी करायला जाऊ नकोस ताई. तुला जमणार नाही.’

मला कोणी असं म्हटलेलं मी ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं. चष्मा डोळ्यांवर चढवला, खुंटीवरची पिशवी काढली आणि बिट्टन मार्केटला मेथी आणायला गेले.